कपाट, हमालमामा आणि डॉ. रामात्सिनी

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शाळेचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. त्या पोटात घाला. मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून संपादक मंडळातली मैत्रीण महिनाभर मागे लागली होती. कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावं तर आमची धाव हॉस्टेलपासून मेसपर्यंत! मग ठरवलं, गेले काही महिने जे डोक्यात घोळतंय तेच लिहायचं.

गेल्या वर्षी आमच्या गर्ल्स हॉस्टेलचं जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत शिफ्टिंग झालं, ते बऱ्याच जणींना आठवत असेल. सामान हलवायला एक छोटा कॉन्ट्रॅक्टर आला होता. एक टेम्पो, पाच माणसं, थोडे दोर आणि गोणपाट, एवढाच त्याचा संसार. नव्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली नव्हती. पलंग, टेबलं, गाद्या आणि आमची लोखंडी कपाटं, सगळं जिन्यानेच वर चढत होतं. त्या पाचांत एक वयस्कर मामा होते, पन्नाशीच्या पुढचे असावेत. ते एकटे पाठीवर अख्खं कपाट घ्यायचे, दोर कपाळाला लावायचे आणि वाकून एकेक पायरी चढायचे. पायात स्लीपर. माझं कपाट नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते एकदम थांबले. पाठीत उसण भरली होती. त्यांना ना पुढे जाता येईना, ना मागे. दोघांनी धावत येऊन कपाट उतरवलं, मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते. मी तिथेच उभी होते आणि मला पहिली काळजी वाटली ती कपाटाच्या आरशाची. तो फुटला तर नाही ना, हे मी आधी पाहिलं. आरसा शाबूत होता. मामांना कुणीतरी बाम लावला, कॉन्ट्रॅक्टरने त्यांना रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि काम पुढे चालू झालं. संध्याकाळपर्यंत आम्ही नव्या खोलीत पोस्टर लावत होतो. त्या मामांचं नाव काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या सेमिस्टरला इंडस्ट्रियल सेफ्टीच्या विषयात सेमिनार द्यायचा होता. सगळ्यांनी बॉयलर, क्रेन, आग विझवण्याची यंत्रणा वगैरे टॉपिक पटापट पळवले. मी उशिरा पोचले, तेव्हा एकच नाव शिल्लक होतं. सरांनी सांगितलं की या माणसाला या विषयाचा जनक म्हणतात, याच्यावर बोल. नाव होतं बेर्नार्दिनो रामात्सिनी. इंग्रजी पुस्तकांत त्याचा उच्चार कसाही होतो, पण इटालियन लोक म्हणे असाच करतात. मी वैतागून लायब्ररीत बसले आणि वाचता वाचता एका प्रकरणावर थबकले. तिथे माझ्या जिन्यातले मामा होते. तीनशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात!

म्हणून हा लेख त्या डॉक्टरसाहेबांवर.

कार्पी ते मोडेना

रामात्सिनींचा जन्म १६३३ सालचा, उत्तर इटलीतल्या मोडेना शहराजवळच्या कार्पी या गावातला. म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांपेक्षा ते तीन वर्षांनी लहान. गॅलिलिओ वारला तेव्हा आठ वर्षांचे. हे अशासाठी सांगते की तो काळ डोळ्यासमोर यावा. एकीकडे दुर्बिणी, बॅरोमीटर आणि मेकॅनिक्सचे नियम तयार होत होते, आणि दुसरीकडे रोगाचं कारण म्हणून शरीरातले चार रस बिघडले असंच डॉक्टर सांगत होते. रोगजंतू हा प्रकार कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

त्यांनी पार्मा विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि वैद्यक शिकून १६५९ मध्ये पदवी घेतली. मग आपल्याकडची पोरं जशी अनुभवासाठी मोठ्या शहरात जातात तसे ते रोमला गेले. तिथे एका मुरलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलं आणि नंतर रोमच्या उत्तरेकडच्या कास्त्रो भागात गावचा सरकारी वैद्य म्हणून नोकरी धरली. तो प्रदेश मलेरियाचा. रोग्यांना तपासता तपासता त्यांनाच ताप जडला आणि तब्येत इतकी ढासळली की नोकरी सोडून घरी कार्पीला परतावं लागलं. करिअरची सुरुवात अशी! आपल्याला पहिल्या कॅम्पस इंटरव्ह्यूत नकार आला तरी जगबुडी झाल्यासारखं वाटतं.

तब्येत सुधारल्यावर त्यांनी कार्पीत दवाखाना चालवला आणि १६७१ मध्ये ते मोडेनाला आले. तिथल्या जुन्या डॉक्टरांना हा बाहेरचा माणूस काही आवडला नाही. वाद झाले, टीका झाली. पण मोडेनाचा ड्यूक फ्रान्चेस्को दुसरा याने आपल्या राज्यातलं विद्यापीठ पुन्हा उभं केलं आणि १६८२ मध्ये वैद्यकशास्त्राचं प्राध्यापकपद रामात्सिनींना दिलं. तिथे त्यांनी अठरा वर्षं शिकवलं.

या अठरा वर्षांत त्यांनी जे जे केलं ते पाहिलं की हा माणूस डॉक्टर होता की इंजिनिअर असा प्रश्न पडतो. मोडेनात विहीर खणताना ठरावीक खोलीवर पोचलं की खालून पाणी जोराने उसळत असे. ते का, यावर त्यांनी १६९१ मध्ये पुस्तक लिहिलं. आज आपण त्याला आर्टेशियन विहीर म्हणतो. बॅरोमीटरमधला पारा पाऊस येताना का उतरतो, यावर रोजच्या नोंदी ठेवल्या आणि वाद घातले. १६९० साली आसपासच्या खेड्यांत साथ आली, तेव्हा हवामान, पिकांवरचा तांबेरा आणि आजारी शेतकरी यांची सांगड घालून वर्षाचा अहवालच लिहून काढला. कुठलीही गोष्ट असो, आधी जाऊन पाहायची, नोंदवायची आणि मग बोलायचं, ही त्यांची सवय. आपल्या जर्नलसारखं नाही, की आधी रिझल्ट आणि मग रीडिंग!

संडासाच्या टाकीत उतरलेला माणूस

त्यांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग मात्र कुठल्या विद्यापीठात घडला नाही. तो त्यांच्या घरी घडला. मोडेनात दर काही वर्षांनी घराघरातले मैल्याचे खड्डे उपसायची पद्धत होती. रामात्सिनींच्या घरचा खड्डा उपसायला माणसं आली. त्यातला एक जण खाली उतरून घाईघाईने, जीव तोडून काम करत होता. डॉक्टरसाहेबांना त्याची दया आली. इतकी घाई कशाला, जरा दमाने कर, अशा अर्थाचं ते बोलले. त्यावर त्या माणसाने मान वर करून सांगितलं की जो इथे उतरला नाही त्याला कळायचं नाही, या जागेत चार तासांच्या वर थांबणं म्हणजे डोळे घालवून बसणं आहे.

काम संपल्यावर तो वर आला तेव्हा रामात्सिनींनी त्याचे डोळे नीट तपासले. लाल झालेले, सुजलेले, अंधुक दिसणारे. यावर तुम्ही उपाय काय करता असं विचारलं, तर कळलं की ही माणसं सरळ घरी जाऊन दुसऱ्या दिवसापर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहतात आणि कोमट पाण्याने डोळे धुतात. त्यानंतर त्यांनी गावात चौकशी केली, तेव्हा हेच काम केलेली आणि आता आंधळी किंवा अर्धवट आंधळी होऊन भीक मागणारी माणसं त्यांना दिसली.

विचार करा, मोडेनात इतके डॉक्टर होते. सगळ्यांच्या घरचे खड्डे उपसले जात होते. पण खाली उतरलेल्या माणसाशी बोलावं असं एकालाच वाटलं. (आणि आपण हसायचं कारण नाही. आपल्या देशात माणसांकडून मैला उपसून घेण्याविरुद्ध २०१३ साली कडक कायदा झाला, तरी त्यानंतरही टाक्यांमध्ये गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.)

त्या दिवसापासून रामात्सिनींनी कारागिरांच्या मागे लागायचं ठरवलं. ते प्रोफेसर, ड्यूकच्या दरबारात ऊठबस असलेले. पण ते कुंभाराच्या शेडमध्ये गेले, चांभार, लोहार, पिठाची गिरणी, न्हावी, धोबिणी, कबरी खणणारे, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. गलिच्छ जागी जायची लाज वाटून घ्यायची नाही, हे त्यांनी स्वतःला घातलेलं बंधन होतं. आणि डॉक्टरांसाठी त्यांनी एक साधा नियम सांगितला. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिस याने रोग्याला कोणकोणते प्रश्न विचारावेत याची यादी दिली होती. रामात्सिनींनी तिच्यात एकच प्रश्न वाढवला, तो म्हणजे रोग्याचा धंदा काय आहे. गरिबाच्या घरी गेल्यावर नाडी बघून लगेच पळ काढायचा नाही, मिळेल त्या तिपाईवर निवांत बसायचं आणि त्याला बोलू द्यायचं, असंही त्यांचं म्हणणं होतं.

हा प्रश्न आज आपल्याला फारच साधा वाटतो. केसपेपरवर 'व्यवसाय' असा रकानाच असतो. पण तो रकाना छापण्यामागे एका माणसाची कितीतरी वर्षांची पायपीट आहे.

पुस्तक आणि त्यातले हमाल

१७०० साली, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, त्यांचं मोठं पुस्तक मोडेनात प्रसिद्ध झालं. 'दे मॉर्बिस आर्टिफिकम डायट्रिबा' हे त्याचं लॅटिन नाव. मराठीत कारागिरांच्या रोगांवरचं विवेचन म्हणता येईल. यात चाळीसहून जास्त धंद्यांची एकेक करून तपासणी आहे. शिशाचा मुलामा देणाऱ्या कुंभारांचे हात आधी थरथरतात आणि मग लुळे पडतात. आरशांना पारा लावणारे कारागीर आपल्याच आरशात आपली रया गेलेली पाहतात. दगड फोडणाऱ्यांच्या छातीत धूळ साठते. गिरणीवाल्याला पिठामुळे धाप लागते. दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पायाच्या शिरा फुगतात, म्हणून त्यांना अधूनमधून बसू द्यावं. बैठं काम करणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवावं. त्यांची मांडणी साधारणपणे एकच. हा माणूस काय हाताळतो आणि कोणत्या अवस्थेत शरीर ठेवतो, या दोन गोष्टी बघा, बहुतेक रोगांचं मूळ तिथे सापडेल.

आणि या पुस्तकात एक प्रकरण हमालांवर आहे. तेच मी लायब्ररीत वाचलं. इटलीतल्या व्हेनिससारख्या बंदरात जहाजातून माल उतरवायला शेकडो हमाल लागत. तिथे रस्त्यांच्या जागी कालवे, त्यामुळे गाडीघोडा नाही आणि सगळं माणसाच्या खांद्यावर. रामात्सिनींनी त्यांना उचलताना, चालताना, उतरवताना बारकाईने पाहिलं. ओझं उचलताना हमाल छाती भरून श्वास घेतो आणि तो दाबून धरतो. त्या दाबाने छातीतल्या आणि पोटाच्या स्नायूंवर भयंकर ताण येतो. त्यातून कुणाला धाप लागते, कुणाच्या तोंडातून रक्त पडतं, कुणाला अंतर्गळ म्हणजे हर्निया होतो. वर्षानुवर्षं वाकून चालल्याने पाठीचे मणके पुढे झुकलेल्या अवस्थेतच राहतात आणि माणसाला कुबड येतं.

इथे त्यांनी एक निरीक्षण केलंय ते आपल्या इंजिनिअर लोकांना फार आवडेल. या हमालांनी मेकॅनिक्स शिकलेलं नसतं, तरी ओझं पाठीवर असताना ताठ न राहता पुढे वाकून चाललं की ते हलकं जातं, हे त्यांना निसर्गानेच शिकवलेलं असतं. बरोबरच आहे. ओझं पाठीवर आलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, तो पायांच्या वर आणायला माणूस आपोआप पुढे वाकतो. म्हणजे पडू नये म्हणून शरीर जी युक्ती करतं, तिनेच पुढे कुबड येतं. ही गोष्ट रामात्सिनींनी स्ट्रेन गेज नसताना, एक्स-रे नसताना, नुसत्या डोळ्यांनी पकडली. त्याच शतकात इटलीतल्याच बोरेल्ली यांनी हाडं म्हणजे लिव्हर धरून स्नायूंच्या जोराचं गणित मांडलं होतं. एकाने गणित केलं आणि दुसऱ्याने माणूस पाहिला.

आपणही गणित करून बघू. फर्स्ट इयरचं आहे, घाबरू नका. समजा ३० किलोचं खोकं पाठीच्या कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरलं. कण्यामागचे स्नायू कण्यापासून साधारण ५ सेंटिमीटरवर ओढतात. मोमेंट घ्या: ३० गुणिले ४० भागिले ५. उत्तर येतं २४० किलो! यात अजून आपल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. आता तेच खोकं अंगाजवळ, २० सेंटिमीटरवर धरा. उत्तर थेट निम्मं, १२० किलो. खोकं तेच, माणूस तोच, फरक फक्त अंतराचा. खोकं पोटाशी धरून गुडघ्यात वाक, असं जुनी माणसं सांगतात त्यामागे हे आहे.

पादुआ आणि अखेर

पुस्तक आलं त्याच वर्षी, १७०० मध्ये, व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने त्यांना पादुआ विद्यापीठात बोलावलं. म्हणजे जिथे गॅलिलिओने शिकवलं, तिथेच. डॉक्टरांच्या दृष्टीने हा सर्वोच्च मान होता. पण तोपर्यंत शरीर थकलं होतं. छातीत धडधड व्हायची, नजर जवळजवळ गेली होती. आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या माणसावर वाचून दाखवायला दुसऱ्याला बसवायची वेळ आली. तरी काम थांबवलं नाही. पादुआच्या परिसरात गुरांमध्ये मोठी साथ आली, तेव्हा ती एका जनावरापासून दुसऱ्याला लागते आणि तिची लक्षणं देवीच्या रोगासारखी आहेत असं त्यांनी १७१२ मध्ये लिहिलं.

आणि १७१३ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. तीत बारा नवे धंदे वाढवले. त्यात छापखान्यातले कामगार आहेत, व्हेनिसचे तांबट आहेत, जे दिवसभर तांब्यावर घण घालून बहिरे होतात, आणि कारकून आहेत. कारकुनांबद्दल त्यांनी तीन त्रास सांगितले: सतत बसून राहणं, हाताची तीच तीच हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावरचा ताण. माऊस धरून रात्र रात्र जागणाऱ्या आपल्या कॉम्प्युटरवाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. मनगट दुखतं म्हणून तुम्ही जे स्प्लिंट लावता, त्या दुखण्याची नोंद तीनशे वर्षांपूर्वीच झालेली आहे.

५ नोव्हेंबर १७१४ रोजी पादुआतच पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय ८१. अखेरपर्यंत ते शिकवत होते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांचे सगळे उपाय बरोबर होते असं नाही. रक्त काढणं, रेच देणं, हे त्या काळचे उपचार त्यांनीही सांगितले आणि ते आज कुणी करणार नाही. मालकाने ओझं कमी करावं, अमुक किलोच्या वर उचलायला लावू नये, अशी मर्यादाही त्यांच्या पुस्तकात नाही. काळजी घ्यायचा बराचसा भार कामगारावरच होता. नाकातोंडावर फडकं बांध, हात धू, विश्रांती घे, असं. ती पुढची पायरी गाठायला अडीचशे वर्षं गेली.

१९४८ च्या आपल्या फॅक्टरी ॲक्टमध्ये, इजा होईल इतकं वजन कुणालाही उचलायला लावू नये असं कलम आलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने उचलायच्या कमाल वजनाबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो हा आकडा दिला. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. रोज नवा मालक असणाऱ्या हमालाला बोर्ड, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी वगैरे मिळावं म्हणून केलेला हा कायदा. त्याच्या मागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी उभी केलेली माथाडींची चळवळ होती, ती स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे. पुढे अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९९० च्या दशकात उचलण्याचं सूत्रच दिलं. सगळी परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे खोकं अंगाजवळ, पकड चांगली, वळायचं नाही, घाई नाही, तर २३ किलो. परिस्थिती बिघडेल तसा आकडा कमी कमी होत जातो. आपल्या घरगुती गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि टाकीचं वजन धरलं तर तो दुपटीच्या आसपास जातो. सिमेंटची गोणी ५० किलोची. आता मामांच्या पाठीवरचं कपाट आणि जिना आठवा.

मग पाच माणसांच्या कंपनीने काय करायचं?

सेमिनारनंतर सरांनी मला हाच प्रश्न विचारला. मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर असतो, पाट्या असतात. एका टेम्पोवाल्याने काय करावं? मी तेव्हा गडबडले. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं की बहुतेक गोष्टींना पैसे फार लागत नाहीत. आधी एकदा रिकाम्या हाताने जिना चढून यायचं. कुठे वळण आहे, कुठे पायरी तुटलीय, कुठे बल्ब नाही, हे बघायचं. कपाट रिकामं करायचं, कप्पे आणि दारं सुटत असतील तर सोडवायची. सपाट जागेवर ट्रॉली, जिन्यात दोन माणसं आणि पट्टा. कपाट एकट्याने उचलायचंच नाही, मग मालक कितीही घाई करो. स्लीपरऐवजी बूट, हातात ग्लोव्हज. दर तासाला थोडा दम, पाणी. आणि कुणाला लागलं तर बाम लावून घरी पाठवून मोकळं व्हायचं नाही. डॉक्टर, औषधाचा खर्च आणि त्या दिवसांची मजुरी हे सगळं कामाच्या दरातच धरायला हवं.

शेवटचा मुद्दा आपल्याला लागू आहे. तो दर आपणच पाडतो. तीन कोटेशन मागवून सगळ्यात स्वस्त पार्टी आपण निवडतो आणि त्या स्वस्ताईचे पैसे कुणाच्या तरी पाठीतून वसूल होतात. शिवाय कपाटात पुस्तकं, इस्त्री, डंबेल तसेच ठेवून ते बंद करणाऱ्याही आपणच होतो. माझ्या कपाटात त्या दिवशी तीन सेमिस्टरची पुस्तकं होती. मी ती बाहेर काढली नव्हती, कंटाळा आला म्हणून.

हे सगळं मी आमच्या रेक्टर मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जूनमध्ये पुन्हा थोडं सामान हलवायचं होतं, तेव्हा त्यांनी नोटीस लावली की कपाटं रिकामी केल्याशिवाय कुणी हात लावणार नाही, आणि वर्कशॉपमधून दोन ट्रॉल्या मागवल्या. तोच कॉन्ट्रॅक्टर आला होता. ट्रॉलीला आधी तो नाक मुरडत होता, पण दुपारपर्यंत काम उरकलं तेव्हा खूश झाला.

मामा मात्र त्यात नव्हते. मी त्यांच्यातल्या एका दादांना विचारलं. मामांनी अठ्ठावीस वर्षं हे काम केलं होतं. त्या दिवसानंतर त्यांना ओझं उचलवेना, ते गावी निघून गेले. बरं आहे का त्यांचं, या प्रश्नावर दादांनी फक्त खांदे उडवले.

रामात्सिनींचा तो एक प्रश्न इथे विचारून उपयोग नव्हता, कारण मामा काय काम करतात हे आम्हाला दिसतच होतं. आम्ही ते रोज बघत होतो. तेव्हा मी दुसरा प्रश्न विचारला, तो खरं तर त्या दिवशी जिन्यात विचारायला हवा होता. दादांनी मला मामांचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांना आवडेल की नाही मला माहीत नाही. पण आता मला ते ठाऊक आहे.

मित्रमैत्रिणींनो, आपण उद्या साइटवर जाऊ, प्लांटवर जाऊ, कुणी स्वतःचा धंदा काढेल. हाताखाली माणसं असतील. ड्रॉइंगमध्ये त्यांची पाठ कुठेच दिसत नाही. तेवढी आपण लक्षात ठेवूया. आणि पुढच्या वेळी खोली बदलाल तेव्हा, कृपा करून, आधी कपाट रिकामं करा.